युक्रेन युद्धात युरोप खरोखर पुढाकार घेत आहे का, हे कसे पडताळावे

२०२५ च्या फेब्रुवारीत, जेमतेम एका पंधरवड्यात, अमेरिकेचे युक्रेनविषयक धोरण उलटे फिरले. १२ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्लादिमीर पुतिन यांच्याशी दूरध्वनीवरून थेट बोलणी केली, १८ तारखेला रियाधमध्ये अमेरिका आणि रशिया यांचे परराष्ट्रमंत्री युक्रेनला व युरोपला बाहेर ठेवून चर्चेला बसले, आणि २८ तारखेला व्होलोदिमिर झेलेन्स्की यांना व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर खडे बोल ऐकून घ्यावे लागले. तेव्हापासून ‘युरोपने सूत्रे हाती घेतली’ आणि ‘युरोप अडगळीत पडला’ अशा दोन्ही प्रकारचे मथळे आलटून पालटून वाचायला मिळतात. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे विद्यार्थी, वृत्तपत्रांतील उपसंपादक किंवा या विषयावर मराठीत लिहू पाहणारे अभ्यासक यांना दोन्ही मथळ्यांच्या मागे जाऊन स्वतः निर्णय करता यावा, म्हणून पुढची पद्धत मांडली आहे.

पद्धतीचा गाभा एका प्रश्नात आहे. युरोपीय नेत्यांची कोणतीही घोषणा समोर आली की विचारावे: उद्या वॉशिंग्टनने यातून अंग काढून घेतले, तर ही गोष्ट उभी राहील का? उत्तर ‘हो’ असेल तेथे युरोपचे नेतृत्व खरे आहे. ‘नाही’ असेल तेथे ते नेतृत्व नसून अमेरिकेचे मन वळवण्याचा प्रयत्न आहे. असा प्रयत्न कमी प्रतीचा असतो असे नाही, पण तो वेगळा व्यवहार आहे आणि त्याचे मोजमापही वेगळेच करावे लागते.

या प्रश्नाचा सराव करण्यासाठी १० मे २०२५ ची घटना घ्यावी. त्या दिवशी ब्रिटनचे कीर स्टार्मर, फ्रान्सचे इमॅन्युएल मॅक्रॉन, जर्मनीचे फ्रीडरिश मेर्झ आणि पोलंडचे डोनाल्ड टस्क हे चौघे एकत्र कीव्हला गेले आणि रशियाने १२ मेपासून ३० दिवसांची बिनशर्त शस्त्रसंधी मान्य करावी, अन्यथा कठोर निर्बंधांना तोंड द्यावे, असे त्यांनी बजावले. छायाचित्र प्रभावी होते. परंतु इशाऱ्यातील धार अमेरिकाही निर्बंधांत सामील होईल या अपेक्षेवर अवलंबून होती. पुतिन यांनी शस्त्रसंधीऐवजी इस्तंबूलमध्ये थेट चर्चेचा प्रस्ताव पुढे केला, ट्रम्प यांनी युक्रेनने तो ताबडतोब स्वीकारावा असे जाहीर केले, आणि १२ तारीख निघून गेली. २० मे रोजी युरोपीय संघाचा निर्बंधांचा सतरावा संच मंजूर झाला खरा, पण त्याची तयारी आधीपासूनच चालू होती. आपला प्रश्न १० मे रोजीच विचारला असता, तर या इशाऱ्यातील दुबळी कडी त्याच दिवशी सापडली असती.

कोण बोलत आहे, कोणाच्या वतीने

‘युरोप म्हणाला’ असे वाक्य दिसले की थांबावे. उर्सुला फॉन डेर लायेन युरोपीय आयोगाच्या प्रमुख आहेत, अँटोनियो कोस्टा राष्ट्रप्रमुखांच्या युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत, काया कालास परराष्ट्र धोरणाच्या उच्च प्रतिनिधी आहेत आणि यांपैकी कोणाच्याही हाताखाली सैन्य नाही. ज्यांच्याकडे सैन्य आणि अण्वस्त्रे आहेत त्यांपैकी ब्रिटन संघाचा सदस्य नाही. संघाचे २७ सदस्य आहेत, नाटोचे ३२ आहेत आणि दोन्हींत असलेले २३ आहेत. म्हणूनच २ मार्च २०२५ च्या लंडन परिषदेपासून स्टार्मर आणि मॅक्रॉन यांनी ‘इच्छुक देशांची आघाडी’ अशी एक तिसरीच रचना उभी केली, जिच्यात कॅनडासारखे युरोपबाहेरचे देशही बसतात आणि एखाद्या सदस्याच्या नकाराधिकाराने काम अडत नाही. तिची वेगाने हलण्याची क्षमता या मोकळेपणातून येते. मात्र तिच्याकडे स्वतःचा अर्थसंकल्प नाही आणि बंधनकारक कायदा करण्याचा अधिकारही नाही. त्यामुळे प्रत्येक बातमीत निर्णय संघाचा, नाटोचा, आघाडीचा की एखाद्या सरकारचा, एवढे आधी लिहून काढावे.

पैशाचा माग

युरोपचे खरे बळ शोधायचे असेल तर सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण आपल्या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट ‘हो’ येथेच मिळते. त्यातही गोठवलेल्या रशियन मालमत्तेचे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखे आहे.

२०२२ मध्ये आक्रमणानंतर रशियाच्या मध्यवर्ती बँकेची जी परदेशी गंगाजळी गोठवली गेली, तिच्यापैकी सुमारे २१० अब्ज युरो युरोपीय संघात आहेत आणि त्यांचा फार मोठा भाग ब्रसेल्समधील युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. मुदत संपलेल्या रोख्यांचे रूपांतर रोकडीत होत गेले, त्या रोकडीवर नफा मिळू लागला, आणि २०२४ मध्ये जी-७ देशांनी युक्रेनला द्यायच्या ५० अब्ज डॉलरच्या कर्जाची फेड याच नफ्यातून करण्याचे ठरवले. मूळ रकमेला मात्र कोणी हात लावला नव्हता. तिच्यावरील स्थगिती दर सहा महिन्यांनी सर्व सदस्यांच्या एकमताने वाढवावी लागत असे. म्हणजे हंगेरीसारख्या एका सरकारने नकार दिला असता, तर सगळी मालमत्ता मोकळी झाली असती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचा २८ कलमी शांतता प्रस्ताव उघड झाला, तेव्हा या तांत्रिक त्रुटीचे राजकीय मोल एकदम वाढले. त्या मसुद्यात गोठवलेल्या मालमत्तेपैकी १०० अब्ज डॉलर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील पुनर्बांधणीत गुंतवावेत, नफ्यातील निम्मा वाटा अमेरिकेने घ्यावा आणि युरोपने आणखी १०० अब्ज डॉलरची भर घालावी, असे कलम होते. मालमत्ता युरोपच्या ताब्यात, तिच्याविषयीची कलमे मात्र दुसऱ्यांनी लिहिलेली! युरोपने यावर निषेधाचे पत्रक काढले असते, तर त्याचे वजन फारसे पडले नसते. त्याऐवजी १२ डिसेंबर २०२५ रोजी संघाने आपल्या करारातील कलम १२२ चा, म्हणजे आर्थिक आणीबाणीसाठीच्या तरतुदीचा, आधार घेऊन ही स्थगिती बेमुदत केली. या कलमाखाली एकमत लागत नाही. किमान १५ देश आणि संघाच्या लोकसंख्येचा ६५ टक्के हिस्सा असे विशेष बहुमत पुरते. हंगेरी आणि स्लोव्हाकिया विरोधात गेले, तरी निर्णय झाला. त्या दिवसापासून या रकमेविषयी युरोपला डावलून कोणताही करार अमलात आणणे अशक्य झाले. माझ्या मते त्या संपूर्ण वर्षातील युरोपीय मुत्सद्देगिरीची सर्वांत ठोस कृती हीच होती. मराठी वृत्तपत्रांत मात्र ती आतल्या पानावर राहिली, कारण तिच्यात ना भाषण होते ना हस्तांदोलन.

लगेच पुढच्याच आठवड्यात या बळाची मर्यादाही दिसली. १८ आणि १९ डिसेंबरच्या शिखर परिषदेत त्याच मालमत्तेच्या आधारावर युक्रेनला मोठे कर्ज द्यावे, असा मेर्झ यांचा आग्रह होता. बेल्जियमचे पंतप्रधान बार्ट डी वेव्हर यांनी रशियाने खटला जिंकला तर भुर्दंड एकट्या बेल्जियमवर पडू नये, म्हणून अमर्याद हमी मागितली. ती देण्यास इतर देश तयार झाले नाहीत आणि योजना बारगळली. पर्याय म्हणून संघाने स्वतः बाजारातून कर्ज उभारून युक्रेनला २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांसाठी ९० अब्ज युरो देण्याचे ठरवले आणि हंगेरी, स्लोव्हाकिया व चेकिया यांना त्या दायित्वातून वगळले. ही बातमी ‘युरोप फसला’ अशी वाचावी की ‘युरोपने मार्ग काढला’ अशी? आपल्या प्रश्नाने उत्तर सोपे होते: कर्ज कोणत्या तारणावर उभे राहिले यापेक्षा ते अमेरिकेच्या संमतीवाचून उभे राहिले, हे महत्त्वाचे.

निर्बंधांचा माग काढताना हीच रीत वापरावी, फक्त तेथे उत्तर अर्धे-अर्धे येते. जुलै २०२५ मधील अठराव्या संचात रशियन तेलाची कमाल किंमत पिंपामागे ६० डॉलरवरून ४७.६ डॉलरवर आणली गेली. अमेरिका त्यात सामील झाली नाही, तरी मर्यादेपेक्षा महाग तेल नेणाऱ्या जहाजांना विमा नाकारता येतो आणि या विम्याचा मोठा व्यवसाय युरोप आणि ब्रिटनमध्ये आहे, त्यामुळे तिला काही प्रमाणात धार राहिली. याच संचात गुजरातमधील वाडीनार येथील नायरा एनर्जीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावर निर्बंध आले, म्हणून आपल्याकडे त्याची चर्चा अधिक झाली.

शस्त्रे: कबूल केलेली आणि पोचलेली

येथे आकडे वाचण्याची शिस्त लागते. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला १२ महिन्यांत १० लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले आणि मुदत संपेपर्यंत त्यांपैकी सुमारे निम्मेच पोचवता आले, कारण कारखान्यांची क्षमता घोषणेच्या वेगाने वाढत नाही. २०२४ मध्ये चेकियाने जगभरातून मिळतील तेथून तोफगोळे विकत घेण्याची मोहीम हाती घेतली आणि इतर देशांच्या पैशावर त्या वर्षात सुमारे १५ लाख गोळे पोचवले. म्हणून ‘देणार’, ‘मंजूर केले’, ‘खरेदीचा करार केला’ आणि ‘पोचले’ या चार टप्प्यांपैकी बातमी कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. जर्मनीतील कील येथील जागतिक अर्थव्यवस्था संस्था युक्रेनच्या मदतीची जी नोंद ठेवते, तीत नुसते वचन आणि प्रत्यक्ष वाटप यांचे रकाने वेगळे असतात. तुलना करताना वाटपाचा रकाना घ्यावा. या नोंदीनुसार २०२५ च्या वसंतापर्यंत एकूण लष्करी मदतीत युरोपने अमेरिकेला मागे टाकले होते.

तरीही रकमेची बरोबरी म्हणजे क्षमतेची बरोबरी नव्हे. ३ मार्च २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी मदत थांबवली, पाठोपाठ गुप्तचर माहितीही रोखली, आणि ११ मार्चच्या जेद्दाह येथील चर्चेनंतर दोन्ही पुन्हा सुरू केल्या. जुलैच्या सुरुवातीला काही शस्त्रांचा पुरवठा पुन्हा काही दिवस अडला. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या पॅट्रियट प्रणालीची अस्त्रे आणि उपग्रहांद्वारे मिळणारी पूर्वसूचना यांना युरोपकडे त्या प्रमाणात पर्याय नाही. १४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प आणि नाटोचे सरचिटणीस मार्क रुट यांनी नवी व्यवस्था जाहीर केली: युक्रेनच्या गरजांची यादी करायची, तिच्यातील शस्त्रे सुमारे ५० कोटी डॉलरच्या गटागटाने अमेरिकेकडून घ्यायची आणि पैसे युरोपीय देशांनी व कॅनडाने भरायचे. या व्यवस्थेला नेतृत्व म्हणायचे का? पैसा युरोपचा, तोटी अमेरिकेच्या हातात. याउलट डेन्मार्कने सुरू केलेल्या पद्धतीत पैसे थेट युक्रेनमधील शस्त्रनिर्मात्यांना दिले जातात आणि तेथेच बनलेली शस्त्रे तेथील सैन्य वापरते. रक्कम लहान असली, तरी आपल्या प्रश्नाला ही पद्धत अधिक नीट उतरते. दूर पल्ल्याचा विचार करताना मार्च २०२५ मध्ये जर्मनीने राज्यघटना बदलून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यापलीकडील संरक्षणखर्च कर्जमर्यादेतून मोकळा केला, ही घटना कोणत्याही शिखर परिषदेपेक्षा वजनदार धरावी.

मसुदे आणि मतदान

वाटाघाटींच्या मेजावर युरोपला खुर्ची मिळाली की नाही, यावर वृत्तवाहिन्यांचा बराच वेळ जातो. अभ्यासकाने त्याऐवजी मसुदे समोर ठेवून काय बदलले ते पाहावे. २८ कलमी प्रस्तावात युक्रेनच्या सैन्याची कमाल संख्या ६ लाख होती. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी तयार केलेल्या पर्यायी मजकुरात शांतताकाळासाठी ती ८ लाख झाली. २३ नोव्हेंबरला जिनिव्हात झालेल्या चर्चेनंतर कलमांची संख्याच कमी करण्यात आली. येथे युरोपची कार्यपद्धती दिसते: अमेरिकी प्रस्ताव फेटाळायचा नाही, त्याचे स्वागत करायचे आणि मग दुरुस्त्या सुचवत तो आतून बदलायचा. त्यामुळे ‘स्वागत’ हा शब्द पत्रकात आला म्हणून सहमती झाली असे समजू नये. पुढच्या परिच्छेदात ‘आणखी काम आवश्यक आहे’ अशा अर्थाचे वाक्य आहे का ते शोधावे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी झेलेन्स्की यांच्या सोबतीला सात युरोपीय नेते वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कोणी त्यांची ढाल म्हणून स्तुती केली तर कोणी दरबारात उभे असलेले मानकरी म्हणून थट्टा केली. त्या भेटीचे मूल्यमापन छायाचित्रावरून न करता तिच्यानंतर कोणत्या मागण्या मसुद्यातून गळल्या यावरून करावे.

संयुक्त राष्ट्रांतील मतदान हा आणखी एक भरवशाचा दस्तऐवज. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी आमसभेत युक्रेन आणि युरोपीय देशांचा ठराव ९३ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला, ६५ देश तटस्थ राहिले, आणि अमेरिकेचे मत रशियाप्रमाणेच विरोधात पडले. भारत तटस्थ होता. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेने रशियाला आक्रमक न ठरवणारा स्वतःचा ठराव आणला; ब्रिटन, फ्रान्स, डेन्मार्क, ग्रीस आणि स्लोव्हेनिया हे पाच युरोपीय सदस्य तटस्थ राहिले, पण ब्रिटन किंवा फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरला नाही. मतभेद नोंदवायचा, संबंध तोडायचा नाही, ही त्यांची सीमारेषा त्या एका दिवसात दोन सभागृहांत स्पष्ट झाली.

हमीचे वाचन

सुरक्षा हमीविषयीच्या बातम्या वाचताना १९९४ चा बुडापेस्ट जाहीरनामा शेजारी ठेवावा. सोव्हिएत काळातील अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे वचन त्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी दिले होते. वचन मोडल्यास युक्रेनसाठी लढण्याचे बंधन मात्र कोणावरही नव्हते. त्यामुळे नव्या कागदाला विचारायचे प्रश्न जुन्या कागदानेच शिकवले आहेत: हमी केव्हापासून लागू होते, उल्लंघन झाले हे कोण ठरवते, ठरल्यावर काय करणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी कोणत्या देशाच्या संसदेची मंजुरी लागते.

४ सप्टेंबर २०२५ रोजी पॅरिसमध्ये २६ देशांनी युद्धोत्तर काळात जमिनीवर, समुद्रात किंवा हवाई मार्गाने सहभागाची तयारी दाखवली, असे मॅक्रॉन यांनी जाहीर केले. या आकड्यात पोलंड आणि इटलीसारखे देशही येतात, ज्यांनी युक्रेनमध्ये सैन्य पाठवणार नाही असे आधीच सांगितले आहे. ६ जानेवारी २०२६ रोजी पॅरिसमध्येच ब्रिटन, फ्रान्स आणि युक्रेन यांनी सैन्य तैनातीच्या इराद्याच्या घोषणापत्रावर सह्या केल्या, ही निश्चितच पुढची पायरी होती. परंतु तैनाती शस्त्रसंधीनंतर होणार, आणि नाटो देशांचे सैन्य युक्रेनमध्ये नको ही रशियाची भूमिका असल्यामुळे शस्त्रसंधी लांबवण्याचे एक कारण त्याच्या हाती आपोआप येते. शस्त्रसंधीवरील देखरेखीत आणि सैन्यामागच्या पाठबळात अमेरिकेची भूमिका गृहीत धरलेली आहे, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे अजून ‘नाही’ असेच आहे. ‘नाटोच्या कलम ५ सारखी हमी’ असा शब्दप्रयोग आढळल्यास कलम ५, म्हणजे एका सदस्यावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानण्याचे कलम, मूळातून वाचावे: त्यातही प्रत्येक सदस्याने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करायची आहे, आणि त्या कलमामागे सात दशकांहून अधिक काळ उभे असलेले अमेरिकी सैन्य हेच त्याचे खरे वजन आहे.

दिनदर्शिकेवर खुणा

शेवटची सवय तारखांची. संघाचे रशियावरील आर्थिक निर्बंध ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला, तर व्यक्ती आणि संस्थांवरील निर्बंध १५ मार्च आणि १५ सप्टेंबरला नूतनीकरणाला येतात, आणि या दोन्ही बाबतींत एकमत लागते. युरोपीय परिषदेच्या नियमित शिखर बैठका साधारणपणे मार्च, जून, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये होतात. या तारखांच्या आधीचे दोन-तीन आठवडे एखाद्या सदस्य सरकारने अचानक तत्त्वाचा मुद्दा काढला, तर त्याच सुमारास ते ब्रसेल्सकडून काय मागत आहे, अडलेला निधी की ऊर्जा आयातीतील सवलत, हे शोधावे. तारीख उलटल्यावर ‘निर्बंध वाढवले’ एवढ्या ओळीवर न थांबता संघाच्या राजपत्रातील यादी जुन्या यादीशी ताडून पाहावी. मार्च २०२५ मध्ये हंगेरीच्या आग्रहाखातर काही नावे वगळली गेली होती, आणि तडजोडीची किंमत त्या वगळलेल्या नावांतच वाचायला मिळते.